रंगवलेल्या शिंगांचा साहेब

मुरबाडला घरी बसून मी एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर, फाइल वाचायला मला 'लेस' हा साधा प्रोग्राम पुरतो. आमच्या नव्या साहेबांना तो गावठी वाटला. त्यांनी निवडला तो रंगीबेरंगी, चुका लाल रंगात दाखवणारा. का, तर दिसतो छान! आमच्या म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शिंगांचा रंग नाय बघत, जबडा उघडून दात बघतो. परवा सर्व्हर बंद पडला. सर्व्हरच्या नोंदींची भली मोठी लॉग फाइल रंगवता रंगवता साहेबांचा प्रोग्राम गपगार झाला. मी लेसमध्ये फाइलच्या शेवटाला जाऊन चूक दाखवली. साहेब म्हणाले, "चूक आहे, तर लाल का दिसत नाहीये?" हा माणूस म्हशाला आला, तर शिंगं रंगवलेला म्हातारा बैल घेऊन नाचत घरी जाईल.