हॉस्पिटलला पांढरी साडी

आत्या सोयगावहून आली होती डोळे दाखवायला. तपासणी लवकर आटोपली आणि दुपारच्या एसटीपर्यंत हाती वेळ राहिला. मी म्युझियम सुचवलं. भावजयीनं लेण्यांच्या पायथ्याचं विहार सुचवलं. आत्याच्या गुडघ्यांना दोन्हींपैकी एकच ठिकाण झेपणार होतं.

वरवर हा फिरण्याचाच प्रश्न होता. पण आषाढ पौर्णिमा जवळ आली होती. त्या दिवसापासून वर्षावास सुरू होतो आणि आमच्याकडच्या विहारांमध्ये तीन महिने रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचला जातो. आत्याला वाचता येत नाही. तो ग्रंथ सलग ऐकण्यासाठी यंदा ती शहरात राहणार होती. माझ्याकडे पुंडलिकनगरला की भावाकडे, हे तिनं अजून सांगितलं नव्हतं.

मला ती माझ्याकडे हवी होती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. शाळेत असताना मी तिला रोज पेपर वाचून दाखवायचे; पुढे पेपरातच नोकरी केली. भावजय घरात आली तोवर माझी निम्मी नोकरी झाली होती.

हॉस्पिटलच्या फाटकाशी रिक्षावाला विचारत होता, कुठं जायचं.

"म्युझियमात काय ऱ्हातं?" आत्यानं विचारलं.

"जुनी नाणी, तलवारी, पैठण्या. प्रत्येक वस्तूखाली माहिती लिहिलेली असते. मी वाचून दाखवीन."

"जुनं लई हाय माझ्या घरी. मीच हाय की." ती हसली. मग भावजयीचा दंड धरून रिक्षात चढली. "लेण्यांकडं घे बाबा."

तेव्हा माझं तिच्या साडीकडे लक्ष गेलं. पांढरी, घडी नुकतीच मोडलेली. वंदनेला नेसायची ती साडी. डोळे दाखवायला ती नेसून कोणी निघत नाही. म्हणजे निवड सोयगावलाच झाली होती, आणि भावजयीला ती आधीच ठाऊक होती. तीही पांढऱ्या साडीत होती. मी निळ्या ड्रेसमध्ये होते.

विहारात गर्दी नव्हती. आत्यानं मेणबत्ती लावली. वात नीट दिसेना म्हणून भावजयीनं तिचा काडी धरलेला हात वातीपर्यंत नेला. त्रिशरण, पंचशील झालं. आत्या भिंतीला टेकून बसली. भावजयीनं पिशवीतून ग्रंथ काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ताई, तुम्ही वाचा. तुमचं वाचन चांगलं आहे."

मी वाचायला घेतलं. उच्चार चोख होते, कुठं अडखळले नाही. पान उलटलं तशी आत्या म्हणाली, "लई पळवतीस गं. मला वाटलं रेडिओच लागला. दे तिच्याकडं."

भावजय सावकाश वाचते, ओळीखाली बोट ठेवून. कपिलवस्तूचं नाव आलं तसं आत्यानं तिला अडवलं.

"किती लांब हाय ते?"

"सोयगावच्या गाडीनं नाय जाता यायचं, आत्याबाई. वाटेत सिल्लोडलाच उतरवतील."

दोघी हसल्या. कपिलवस्तू नेमकं कुठं होतं, यावर जाणकारांचं एकमत नाही. नेपाळात एक जागा दाखवतात, सीमेच्या अलीकडे दुसरी. यावर मी एकदा लिहिलंही होतं. मला कोणी विचारलं नाही. आत्या पुनःपुन्हा अडवत राहिली, भावजय थांबत राहिली, आणि त्या दोन पानांना इतका वेळ लागला की मी चपला घालून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

बाहेर आल्यावर आत्यानं मलाच सांगितलं. "वर्षावासाला मी हिच्याकडं ऱ्हाते. तू येत जा संध्याकाळी."

"बरं," मी म्हणाले.

भावजय रिक्षा बघायला पुढे गेली होती. पण ऐकू येणार नाही इतकी लांब नव्हती.

बसस्टँडकडे जाताना आत्या मध्ये बसली. "आता सांग, तुझ्या म्युझियमात काय काय हाय?"

मी सांगू लागले, या वेळी सावकाश. आधी तलवारी, मग पैठण्या. रिक्षा गुलमंडीच्या गर्दीत अडकली. नाण्यांपर्यंत आले तेव्हा आत्याचा डोळा लागला होता. डोकं भावजयीच्या खांद्यावर होतं. डोकं टेकायला जागा दोन्हीकडे सारखीच होती.

"सांगा ना ताई," भावजय हळू आवाजात म्हणाली. "मी ऐकतेय."

मी पुढे काही सांगितलं नाही.