उत्तम साळवे आणि कोणाचंच नसलेलं तळं

उत्तम साळवे दीड महिन्यापूर्वी गेला. हृदयविकाराने, सकाळी, स्वतःच्या घरात. हे नीट लिहितो, कारण बातमी पसरल्यावर मला आलेल्या पहिल्या तीन फोनांवर एकच प्रश्न होता... तळ्यात का?

तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला शाखा अभियंता, माझा कॉलेजपासूनचा मित्र. तळं त्याचं नव्हतं. परभणीतल्या पाच जणांनी झरी गावाच्या पुढे भागीदारीत जमीन घेतली, ओढ्यावर मातीचा बांध घातला आणि दोन होड्या आणल्या. बांधाखाली हाकेच्या अंतरावर वस्ती आहे. तिथे उत्तमची बहीण राहते. तिच्याकडे गेला असताना त्याने पाहिलं, की जादा पाणी वाहून जायला ठेवलेल्या सांडव्यावर मालकांनी बारीक जाळी ठोकली आहे, मासे निसटू नयेत म्हणून. पाला अडकून जाळी तुंबली की पाणी बांधावरून जाणार, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही. एवढी साधी गोष्ट तो काही वर्षं समजावत राहिला. भागीदारांतला कापड दुकानदार एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "साळवे साहेब, मासे पळाले तर तुमी धरून आणणार का?"

"मासे पळू द्या. वस्तीला पळायची पाळी आणू नका."

सगळे हसले, चहा आला, जाळी राहिली. होडीत बसताना प्रत्येक जण पाहुण्यांना 'आपलं तळं' म्हणून सांगायचा. दुरुस्तीचा विषय निघाला की बांध ओढ्यात, म्हणजे सरकारचा. सरकारी कार्यालयात हाच बांध खासगी. मी माझ्या पेपरात बातमी केली. नाव एकाचंही छापलं नव्हतं, तरी दुसऱ्या दिवशी पाचही जणांनी फोन करून आपलं नाव येऊ नये अशी विनंती केली.

मग एका भाद्रपदात दुपारभर पाऊस झाला. पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन ठेपलं. उत्तमने वस्तीतली माणसं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरून विळ्याने जाळी कापली. बांध वाचला. संध्याकाळी मासे गेल्याची तक्रार आली.

पुढे त्याने जे केलं त्याबद्दल मी अजून त्याच्यावर चिडून आहे. गाव सोडून निघालेल्या एका भागीदाराचा हिस्सा त्याने स्वतःच्या नावावर करून घेतला. वेड लागलंय का, असं मी विचारलं. उद्या काही झालं तर पोलीस आधी तुझ्या दारात येतील.

"येऊ दे की," तो म्हणाला. "कोणाच्या तरी दारात यावंच लागंल."

मालक झाल्यावर त्याने जाळी लावू दिली नाही, घुशींची बिळं बुजवली. बाकीचे चौघे एकदम निवांत झाले. बांधाबद्दल काहीही विचारा, बोट साळवेंकडे.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तहसीलचं पत्र आलं. पावसाळ्यापूर्वी बांधाची तपासणी करून अहवाल द्यावा. पत्ता उत्तमच्याच घरचा. त्याच्या पत्नी रत्नमालावहिनींनी मला बोलावून घेतलं. त्याच्या टेबलाशी बसून मी त्यांना व्यवहारी सल्ला दिला. मालक मयत असल्याचं लिहून पत्र परत करा, मुलगा नाशिकला असतो, या फंदात पडू नका. चौघे आहेत, ते बघतील.

"ते रविवारचे मालक हायत, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "पाणी काय वार बघून येतंय का?"

वारस म्हणून नाव लावण्याचा अर्ज मग मीच लिहिला. त्यांनी सही केली, चौघांना देण्यासाठी चार झेरॉक्स काढायला सांगितल्या. पंख्याने कागद उडू नये म्हणून अर्जावर उत्तमच्या चष्म्याचं घर ठेवलं.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. त्या बांधावर होत्या.

"जाळी पुन्हा ठोकलीय. मी काढायला लावली, तर कोणाच्या हुकमानं म्हणून विचारायलेत. अर्जाचं कधी होतंय, तेवढं बघा."