सासऱ्यांच्या बोटीची नळी

धक्क्यावरच्या मिस्त्रीला एकच वाईट खोड. काही बिघडलं की आधी दुसऱ्याकडे बोट दाखवायचं. बाकी माणूस लाखात एक! नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द त्याच्या बायकोनेसुद्धा वीस वर्षांत कधी ऐकले नव्हते.

तर त्याने सासऱ्यांच्या मासेमारीच्या बोटीची डिझेलची नळी बदलली. जुनं रबर कडक होऊन तडकलं होतं, हात लावला की बोटं काळी. टाकीपासून इंजिनापर्यंत नवी नळी, नव्या क्लिपा, सगळं झकास. धक्क्याला बांधूनच इंजिन चालवून पाहिलं, बिनतक्रार चाललं. "आता दहा वर्षं बघायला नको, मामा," म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी बंदराबाहेर पूर्ण जोर दिला आणि इंजिन बंद. सत्तरीचा एकटा माणूस, समोर खडक. नशीब बलवत्तर म्हणून दुसऱ्या बोटीने ओढून आणलं. मिस्त्री धावत आला, वाकून बघतो तर टाकीतून डिझेल सोडायचा कॉक बंद! "अहो मामा, कॉक उघडायलाच विसरलात की!" चारचौघांत ओरडला. इंजिन बंद पडल्यावर, ओढून आणताना सासऱ्यांनीच तो बंद केला असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. की आलं आणि त्याने ते दाबलं, देव जाणे. सासरे गोंधळले. "उघडला होता हो... उघडला असेल ना?" लोक हसले.

झालं! मेहुण्याने बोटीची किल्ली काढून घेतली. बाबांना विसर पडायला लागलाय, आता समुद्र पुरे, म्हणाला आणि बोटीला गिऱ्हाईकही शोधलं.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मिस्त्री बोट चालवून बघायला बाहेर घेऊन गेला. पूर्ण जोर दिला, तर इंजिन पुन्हा बंद. आता कॉक तर त्याने स्वतःच्या हाताने उघडला होता. नळी सोडून फुंकली, तशी आतून चिंधी बाहेर आली. निळ्या रेघांची, त्याच्याच जुन्या शर्टाची. नळी बोटीच्या तळातून ओवताना आत घाण जाऊ नये म्हणून तो टोकात कापड कोंबायचा. काढताना ते फाटून अर्धं आतच राहिलं होतं. हळू चालताना त्यातून पुरेसं डिझेल झिरपायचं, जोर दिला की अडायचं. मिस्त्रीचे कान तापले. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्याने चिंधी खिशात घातली. खिशात घातली, बरं का! त्याची त्यालाच शिसारी आली.

संध्याकाळी तो सासरी गेला. मेहुणा उद्याच्या व्यवहाराचं बोलत होता. सासूबाईंनी चहा दिला. सासरे खुर्चीतून उठले आणि बायकोला हळूच म्हणाले, "गॅस बंद केला का गं मी?"

"चहा मी केला. तुम्ही कुठे गॅसपाशी गेलात?"

मिस्त्रीने चहाचा कप खाली ठेवला. त्याने चिंधी काढून सासऱ्यांपुढे ठेवली. "मामा, तुम्ही काही विसरला नव्हता. ही नळीत राहिली होती. माझं चुकलं. आणि सापडल्यावर मी ती लपवली."

मेहुणा ताडकन उठला. मिस्त्री मान खाली घालून बसला. सासऱ्यांच्या शिव्या अख्ख्या धक्क्याला ठाऊक होत्या, आज त्या सगळ्या आपल्या वाट्याला येणार, याची त्याने तयारी ठेवली होती.

सासऱ्यांनी चिंधी उलटीसुलटी करून पाहिली. "म्हणजे कॉक मी उघडला होता?"

"उघडला होता."

"नक्की?"

"नक्की, मामा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्यांनी मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत धरला. "जावईबापू, पंधरा दिवस रोज पहाटे उठून नातवंडांची नावं घोकतोय मी. एकदा धाकटीचं आठवेना, तर मोरीत जाऊन रडलो. फार उपकार केलेत हो."

त्यापेक्षा एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं. सासरे मात्र त्याचा हात सोडायला तयार नव्हते.