माझ्या नावाची काच

“वय खरं सांगा हं मावशी, न्हाईतर काच सांगतीच!”

समोर येईल त्या बाईला हे ऐकवायचं, अंबाड्यात खोचलेली शिसपेन्सिल उपसायची आणि काचेच्या छोट्या पट्टीच्या कडेला नाव लिहायचं. पेनानं नाही, पुढं ती काच स्पिरिटमध्ये बुडते आणि शाई धुऊन जाते. आमच्या पेठेत त्यांना सगळे काचवाल्या बाईच म्हणायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल बघा, ज्याचं खरं नाव विचारायचं कधी सुचतच नाही.

त्या एका लॅबमध्ये कामाला होत्या. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर धरतोय का हे कळायला तिथलं थोडं पाणी पुसून घेतात, काचेवर पसरतात आणि मायक्रोस्कोपखाली त्यातल्या पेशी बघतात. बाई दिवसभर तेच बघायच्या. संशय आला की काचेवर त्या जागी शाईचा ठिपका द्यायच्या आणि काच मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायच्या. सवय इतकी, की आमच्याकडं चहाचा पेलासुद्धा आधी उजेडाला धरायच्या.

“बाई, घासलाय हो!” मी म्हणायची.

“बघत न्हाई ओ, हात आपला जातोय.”

या तपासणीचं पहिलं शिबिर तालमीच्या हॉलमध्ये झालं. भिंतीवर गदा घेतलेले पैलवान, त्यामुळं बायका आत यायला तयार होईनात. बाई स्टुलावर चढल्या आणि एकेक फोटो भिंतीकडं वळवत गेल्या. “वस्ताद, जरा तोंड फिरवा. घरच्याच बायका हायत.” सगळा हॉल हसला आणि रांग लागली.

ती रांग जमवलेली कुणी? मी! घरोघर फिरून सांगितलं होतं, लाजू नका, पाच मिनिटांचं काम. आणि माझी वेळ आली तसे माझेच पाय मागं. दोन महिन्यांपासून मधूनच कपड्यावर रक्ताचा डाग दिसत होता. कुणाला बोलले नव्हते. काय निघेल याची धास्ती, आणि रांग जमवणारीच गेली नाही म्हणून हसं होईल याचीही. मग काय केलं? बाईंकडून माझ्या नावाची काच घेतली आणि सुनेच्या हातात दिली. सकाळी ती स्वतःची काच घेऊन एका पडद्याआड जाऊन आली होती. आता डोक्यावर पदर घेऊन माझी काच घेऊन दुसऱ्या पडद्याआड गेली. रेशनच्या रांगेत एकमेकींसाठी उभ्या राहतो ना, तसंच वाटलं मला.

आठवड्यानं बाई घरी आल्या. मी चहा दिला, पण त्यांनी पेला उजेडाला धरला नाही.

“मावशी, वय काय तुमचं?”

“एकसष्ट. तुम्हीच लिहिलंय की.”

“पाळी?”

“जाऊन दहा वर्षं झाली.”

“हार्मोनच्या गोळ्या हायत काय कसल्या?”

“गुडघ्याची तेवढी.”

“मग ही काच तुमची न्हवं. पाळी गेली की पेशीबी म्हाताऱ्या व्हत्यात. ह्या पस्तिशीच्या बाईच्या हायत.”

आत सुनेच्या हातातलं भांडं पडलं.

“घावली बघा पस्तिशीची!” बाई हसल्या. मग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाल्या, “सून तुमच्यासाठी काय बी करंल ओ. पण तुमच्या पेशी ती कुठनं आणंल?”

मला रडूच फुटलं. डागाचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी पेला खाली ठेवला.

“उठा.”

“आत्ता? भाकरी व्हायच्यात अजून.”

“भाकरी सून करंल. तेवढं तिला तुमच्या जागी जमतंय.”

माझ्या खऱ्या काचेवर तीन ठिपके पडले. मोठ्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. पेशी कॅन्सरच्या वाटेला लागल्या होत्या, पोचल्या नव्हत्या. लहानसं ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर सुनेशेजारी बाई बसून होत्या. सून सांगते, अंबाड्यातली पेन्सिल काढायच्या, परत खोचायच्या, परत काढायच्या.

पुढं दरवेळच्या तपासणीला त्याच मला घेऊन जायच्या. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात लॅबमध्ये बोलावलं आणि माझी नवी काच ट्यूबलाइटला धरली. रंगवलेल्या पेशींचे निळसर-गुलाबी डाग आणि कडेला पेन्सिलीनं माझं नाव.

“बघा मावशी. एकबी ठिपका न्हाई.”

मग त्या आजऱ्याला भावाकडं राहायला गेल्या. दिवाळीला तिकडून काजू येतात. पुडक्यावर नाव पेन्सिलीनंच.

परवा पुन्हा तालमीत शिबिर झालं. बाईंच्या खुर्चीवर नवीन मुलगी. काचेवर आता छापील चिठ्ठी चिकटवतात. पैलवानांचे फोटो मी वळवले आणि रांगेत पहिली उभी राहिले.

“आजी, वय?”

“अडुसष्ट.”

“दिसत नाही हो तेवढं!”

“काचेत दिसंल,” मी म्हणाले आणि पडद्याआड गेले.