व्हॅनमधली बाई

चंद्रपुरात नागपूर रोडवर आमचं गाड्यांचं दुकान होतं. आमचं म्हणजे मालकांचं. मी तिथं कागदपत्रं पाहायची. समोर काचेमागं दोन नव्या गाड्या, आणि मागच्या अंगणात पुन्हा विकायला आलेल्या जुन्या. आज तिथं टाइल्स विकतात. ऑटोवाल्याला मी त्या रस्त्यानं नेऊ नको म्हणते, तर तो पेट्रोल जास्त जळतं म्हणून माझ्याशी वाद घालतो. घालू दे.

कागदांशिवाय माझं दुसरं काम गाडी ओवाळायचं. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं की समोर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, हातात नारळ द्यायचा. मालक म्हणायचे, बाईच्या हातचं कुंकू लागलं की गिऱ्हाईक घासाघीस विसरतं. मोठे शहाणे. पण होतं मात्र तसंच.

एकदा राजुऱ्याकडचे एक गृहस्थ पांढरी व्हॅन विकायला घेऊन आले. वर्षभराचीही नव्हती. सही करता करता ते म्हणाले, "हिच्यात आमची सून गेली. बाळंतपणाले नेऊन राह्यलो होतो. दवाखाना आलाच होता." मी मान वर न करता म्हटलं, "इथी पन सही करा." बस, एवढंच. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. माणूस सांगायला बसला होता आणि मी त्याला फुल्या मारलेल्या जागा दाखवत होते.

गोष्ट गावात पसरली. व्हॅन कोणी घेईना, महिनोन्महिने अंगणातच उभी. मग एटापल्लीच्या पलीकडून एक म्हातारा-म्हातारी आले, दोन पोरं सोबत. जंगलातलं गाव, आजारी माणसाला खाटेवर घालून आणायचे. म्हणून गाडी पाहिजे होती. बाकीची गिऱ्हाइकं अॅव्हरेज विचारायची, टायरला लाथ मारून पाहायची. या म्हाताऱ्यानं एकच विचारलं.

"हिच्यात कोनी गेलं का, बाई?"

माझ्या हातात कुंकवाचं ताट. मागं मालक उभे.

"नाई भाऊ," मी म्हटलं. "घरगुती वापरलेली गाडी आहे."

आणि वरून स्वस्तिकही काढलं, चार ठिपके देऊन, नीट. मालकांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम लिहिते. ते पाप माझं.

भूतबित मी मानत नाही. पण त्या दिवसापासून पांढरी व्हॅन समोरून आली की माझी नजर ड्रायव्हरवर जातच नाही, मागच्या सीटवर जाते. दरवेळी तिथं कोणीतरी बसलेलं दिसतं. असणारच की बाप्पा, गाडीत माणसं नाही बसणार तर काय! तरी गाडी वळेपर्यंत मी पाहत राहते. माझ्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी दारात व्हॅन आली तेव्हा मी अडूनच बसले, ऑटोनं चला. ती कळा सोसत होती आणि मी तिच्याशी भांडत होते. जावई विचारत राहिला, आईंना काय झालं. काय सांगणार, कप्पाळ?

गेल्या उन्हाळ्यात भाच्याची एटापल्लीकडे बदली झाली. त्याला म्हटलं, मले एका गावाले घेऊन चल. गावाचं नाव कागदांवरून पाठ होतं. रस्ताभर सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक आणि लाल धूळ. मी तोंडावर पदर धरून बसले आणि काय बोलायचं ते मनात घोकत गेले.

म्हातारा राहिला नव्हता. म्हातारी मोहाच्या झाडाखाली बसली होती. पलीकडे तीच व्हॅन, चाकं काढलेली, आत कोंबड्या. मी कोण ते सांगितलं, आणि तेव्हा खोटं बोलले तेही सांगून टाकलं.

"माहीत हाय," ती म्हणाली. "घरी आनल्यावर सीटखाली टोपडं भेटलं. इवलंसं, कोरं. तवाच समजलो."

"मग वापस काऊन नाई आणली?"

"काऊन आनू? गाडीचा का दोष? तू सांगतलं असतं तरी घेतलीच असती." तिनं व्हॅनकडे हात केला. "आमच्यात नवं धान आलं का पयले मेलेल्यायचा वाटा काढतो, एकेकाचं नाव घेऊन. तिचाबी काढतो. आमच्या लेकीसुना हिच्यातच बाळंतपनाले गेल्या, साऱ्या वापस आल्या. तिनंच आनल्या. पन तिले नाव नाई. नुसतं गाडीवाली म्हनतो. इतके वर्सं घरची हाय, बरं नाई वाटत."

मग ती सरकून माझ्याजवळ आली.

"आता आलीस तं सांग. का नाव होतं तिचं?"

त्या व्हॅनचा नंबर मला आजही पाठ आहे. इंजिनचासुद्धा, झोपेतून उठवून विचारा.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

तिला वाटलं, मी विसरले. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणाली, "घाई नाई, आठव," आणि वाट पाहत बसून राहिली.