कोरियन रॅकसमोर आम्ही तिघी

गेली चोवीस वर्षं मी सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी. आमच्या कामात बसायची सोय नसते. आधी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात होते, आता स्वारगेटजवळच्या एका मोठ्या स्टोअरमध्ये आहे. सुरुवातीला बायका काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून विचारायच्या, "गोरं होण्याचं काही आहे का?" मग कंपन्यांनी ट्यूबवरचे शब्द बदलले. गोरेपणा गेला, उजळपणा आला; उजळपणाही जुना झाला तेव्हा ग्लो आला. ट्यूब बऱ्याचदा तीच असायची.

कोरिया आमच्याकडे आला तो आधी मुलींच्या मोबाइलमधून. कॉलेजच्या मुली स्क्रीन पुढे धरून विचारायच्या, "मॅम, हे आहे का?" मी नाही म्हटलं की माझ्याकडे जरा दयेने बघून निघून जायच्या. असं वर्षभर चाललं. मग एका सोमवारी आमच्या सरांनी लिपस्टिकचे दोन रॅक मागे सरकवले आणि दारासमोरच्या जागी कोरियन उत्पादनांचा रॅक उभा राहिला. फिक्या हिरव्या आणि गुलाबी बाटल्या, औषधाच्या असाव्यात तशा साध्या. मुंबईहून एक ट्रेनर मुलगी आली. तीन दिवस तिने आमच्याकडून टोनर, इसेन्स, सीरम यांचा क्रम पाठ करून घेतला. तांदळाचं पाणी, ब्राह्मीसारख्या एका वनस्पतीचा अर्क, गोगलगाईचा स्राव. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "गोगलगाईला कुणी विचारलं होतं का?" ट्रेनर हसली नाही. ती मनापासून शिकवत होती. काचेसारखी त्वचा, हा शब्द ती फार जपून उच्चारायची.

तेव्हाच मला धाकटीची आठवण आली. खरं तर चेहऱ्याबद्दल कुणी असं जपून बोललं की मला माझ्या बहिणीचीच आठवण येते.

आम्ही खडकीचे. बाबा दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि आम्ही दोघी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. मी आईच्या वळणावर गेले, गव्हाळ. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेली बहीण बाबांसारखी, चांगली काळीसावळी. बाबांसमोर रंगावरून बोलायची कुणाची टाप नव्हती. दर रविवारी विहारात माणसांच्या समानतेबद्दल ऐकून यायचं आणि घरी येऊन पोरीला काळी म्हणायचं, हे ते खपवून घेत नसत. पण बाबा दिवसभर ड्यूटीवर असत. मागे आत्या असायची, शेजारणी असायच्या. "मोठीचा प्रश्न नाही, धाकटीचं बघा," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की तो मला माझाच मोठेपणा वाटायला लागला होता.

मला पहिली नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि तेवढ्यावर घरात मी तज्ज्ञ ठरले होते. अशात धाकटीला एक स्थळ आलं. माणसं मूळची नागपूरकडची, मुलगा पिंपरीला कंपनीत. बघायला येणार होते त्याला महिना होता. मी खडकी बाजारातल्या एका पार्लरमधून पांढरी प्लॅस्टिकची डबी आणली. तिच्यावर नाव नव्हतं, काही लिहिलेलं नव्हतं. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, दोन-तीन क्रीम एकत्र करून मी स्वतः बनवते, सगळ्या नवऱ्यामुली माझ्याकडूनच नेतात.

रोज संध्याकाळी वंदना झाली की मी धाकटीला समोर बसवायचे आणि बोटाने तिच्या गालांवर ते क्रीम लावायचे. ती डोळे मिटून बसायची. तीन आठवड्यांत तिचा चेहरा दोन छटांनी उजळला. आत्या म्हणाली, "बघ, होती की आतमध्ये." मुलाकडची मंडळी आली, त्यांना मुलगी पसंत पडली. मला इतका आनंद झाला होता की जणू ते स्थळ मीच जमवलं होतं.

डबी संपली, मी पुढची आणली नाही. काम झालं होतं. दीड-दोन महिन्यांनी तिच्या गालांवर लाली उठली. मग आग व्हायला लागली, पुळ्या आल्या, कानशिलांजवळ बारीक लव दिसायला लागली. ती गॅसपाशी उभी राहू शकेना. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, "चेहऱ्याला स्टिरॉइड कुणी चोळलं?" मग म्हणाले, "महिनाभराच्या वापराने सहसा इतकं होत नाही." मी मान खाली घातली. मला वाटलं, मी जास्तच जोरात चोळत असेन.

बाबा मला काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामी डबी खिशात घातली आणि सायकल काढून पार्लरला गेले. मी मागोमाग चालत गेले. ते त्या बाईंना म्हणत होते, "आमच्या कारखान्यात लेबल नसलेली पेटी जागची हलत नाही. यात काय आहे ते मला कागदावर लिहून द्या." बाईंनी लिहून दिलं नाही. बहुतेक त्यांनाही माहीत नसावं.

मुलाकडचे लोक तारीख ठरवायला आले, त्या दिवशी आई धाकटीला पावडर लावायला गेली तर तिने हात बाजूला केला. सुजलेल्या, लाल चेहऱ्याने ती बाहेर येऊन बसली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "मागच्या वेळी तुम्ही पाहिलंत ते क्रीमचं होतं. मी तशी नाही. आणि आत्ता मला बरंही नाही." त्यांनी सावकाश पोहे खाल्ले, चहा घेतला. चार दिवसांनी निरोप आला की मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही.

दोन वर्षं तिने तोंडाला ओढणी बांधूनच काढली. त्या दोन वर्षांत तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, एका हॉस्पिटलात लागली. तिथेच काम करणाऱ्या एका शांत मुलाशी तिने स्वतः लग्न ठरवलं. हळदीच्या दिवशी मी तिच्या गालाला हळद लावताना थांबले. म्हटलं, "तुला एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "ताई, हळद वाळतेय." पुढे मी कधी विषय काढला नाही.

आता ती कात्रजला राहते. तिला सतरा वर्षांची एक मुलगी आहे, रंगाने थेट आजोबांवर गेलेली, बोलायला पुण्यावर.

कोरियन रॅकचं उद्घाटन शनिवारी होतं. दारात फुग्यांची कमान, रांगेत मुली, आणि त्वचा तपासायचं एक नवीन यंत्र. हनुवटी टेकवायची की पडद्यावर आपला गाल एवढा मोठा दिसतो. दुपारी मान वर केली तर रांगेत भाची उभी, हातात यादी, आणि तिच्यामागे धाकटी.

धाकटी माझ्या दुकानात कधी येत नसे. चोवीस वर्षांत दोनदा आली असेल, तेही छत्री आणि डबा द्यायला.

"हिला नऊ वस्तू हव्यात," ती म्हणाली. "मी म्हटलं, मावशीला विचार."

भाचीने यंत्रावर चेहरा टेकवला. ट्रेनर मुलीने तिला तेलकटपणा, रंध्रं असं काहीबाही सांगितलं. मग उत्साहाने धाकटीला म्हणाली, "आंटी, तुम्हीपण बघा ना, फ्री आहे." मी नको म्हणणार तोवर ती बसलीसुद्धा. पडद्यावर तिचा गाल आला. पातळ त्वचा आणि तिच्याखाली लाल दोऱ्यांसारख्या बारीक शिरा. ट्रेनरने पडद्यावरचं चित्र अजून मोठं केलं. पोरगी हुशार होती. हळूच म्हणाली, "आंटी, तुम्ही पूर्वी स्टिरॉइड क्रीम वापरलंय का?"

"हो," धाकटी म्हणाली. "लग्नाच्या आधी."

भाचीने आईकडे पाहिलं. "हे मला कधी सांगितलं नाहीस. कुणी दिलं होतं?"

धाकटी यंत्रासमोरून उठून पदर नीट करत होती. ती काहीतरी वरवरचं बोलून वेळ मारून नेणार, हे मला कळत होतं.

"मी दिलं होतं," मी म्हणाले.

ट्रेनर तिथून दूर गेली. मी सरांकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि आम्ही तिघी मागच्या जिन्यावर जाऊन बसलो, खोक्यांच्या मध्ये. मी भाचीला सगळं सांगितलं. डबी, वंदनेनंतरचं चोळणं, आजोबांची सायकल, पोहे. सांगताना मी तिच्या आईकडे बघत नव्हते. शेवटी म्हटलं, "मी तुझ्या आईची कधी माफी मागितली नाही. आज मागते."

धाकटीने शेजारचं खोकं जरा बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "ताई, दुसरी डबी मी आणली होती."

मला आधी कळलंच नाही.

"तुझी डबी संपल्यावर. माझ्याकडे शिकवणीचे पैसे होते. एक आणली, मग अजून एक. तू झोपलीस की लावायचे. डॉक्टर म्हणाले ना, महिनाभराने इतकं होत नाही म्हणून? तेव्हा मी तुझ्याकडे बघितलं होतं. तू मान खाली घालून उभी होतीस आणि मी बोलले नाही."

"का?"

"बाबा एवढे संतापलेले. माझ्यावरही संतापले असते तर मला सोसलं नसतं." ती पुढे म्हणाली, "आणि मला आवडायला लागलं होतं गं. लोक तुझ्याकडे आधी बघायचे ना, तसं माझ्याकडे बघायला लागले होते."

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर छातीवरचा दगड उतरेल. तसं झालं नाही. मी फक्त एवढंच बघत होते की चोवीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना घाबरून गप्प होतो, आणि त्याला दोघी समजूतदारपणा म्हणत होतो. तिचा हात हातात घेतला. हॉस्पिटलातल्या सततच्या धुण्याने तो खरखरीत झाला होता.

भाची मध्येच म्हणाली, "मावशी, एवढं झाल्यावर तू हीच नोकरी का करत राहिलीस?"

ही मुलं सरळ विचारतात. मी सांगितलं, दुसरं काही येत नव्हतं. मग जाणवलं की हे अर्धंच खरं आहे, म्हणून बाकीचंही सांगितलं. मला हे काम आवडायचं. धाकटीचं तसं झाल्यावरही मी कित्येक वर्षं गोरेपणाच्या ट्यूबा विकल्या, माझ्या बहिणीच्याच वयाच्या मुलींना, "तीन आठवड्यांत फरक पडेल" असं सांगून. त्यांच्यावर लेबल असायचं, एवढंच काय ते माझं समाधान. धाकटी म्हणाली, "चल, तुझी दहा मिनिटं संपली."

रॅकसमोर येऊन मी भाचीची यादी घेतली. एकेक बाटली उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं; चष्मा लावूनही मोबाइलचा टॉर्च लागला. आम्ल असलेली दोन सीरम खोडली, सतराव्या वर्षी त्यांचं काही काम नाही. इसेन्स खोडलं, कारण ते कशासाठी असतं हे तीन दिवस शिकूनही मला समजलं नव्हतं. टोनर आणि दोन फेस मास्कही गेले, गोगलगाय भाचीने स्वतःच खोडली. राहिलं एक साधं मॉइश्चरायझर आणि एक सनस्क्रीन. सनस्क्रीनची मला शंका होती. आमच्याकडच्या जुन्या सनस्क्रीनने सावळ्या चेहऱ्यावर राखेसारखा पांढरा थर बसायचा आणि मुली ते परत आणून द्यायच्या. मी थोडं भाचीच्या मनगटावर लावलं. ते त्वचेत जिरलं आणि मनगटाचा रंग होता तसाच राहिला. हे मात्र कोरियावाल्यांना साधलंय, हे मी मान्य केलं.

"मलाही एक दे," धाकटी म्हणाली.

मी तिला बजावलं की आधी कानामागे लावून दोन दिवस बघ, आग झाली तर बंद कर आणि तुमच्या हॉस्पिटलातल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. तिने ऐकून घेतलं. ती लॅबमध्ये वीस वर्षं काढलेली बाई, तिला हे माझ्याहून चांगलं माहीत होतं.

सरांनी नंतर विचारलं, नऊच्या दोन वस्तू कशा काय झाल्या. मी म्हटलं, गिऱ्हाईक घरचं होतं. पण पुढच्या आठवड्यात भाचीच्या कॉलेजच्या चौघी आल्या, त्यांच्याही याद्या मी तशाच वाचल्या आणि तशाच खोडल्या. त्यांतल्या एकीने खालच्या आवाजात विचारलं, याने रंग उजळतो का. मी तिला नाही म्हणाले. ती हिरमुसली आणि काही न घेता गेली. तिने तसलं क्रीम दुसरीकडून घेतलं असेल का, हे मला माहीत नाही. दोन-तीन दिवस ती माझ्या डोक्यात होती.

धाकटी आणि मी आता रविवारी फोनवर बोलतो, पूर्वीपेक्षा बरंच जास्त. त्या डब्यांबद्दल बोलतोच असं नाही. मागच्या रविवारी ती आत्याची नक्कल करत होती, "होती की आतमध्ये," आणि हसता हसता आम्ही दोघी थांबलो. मग तिने विचारलं, आईच्या गुडघ्यांसाठी कुठला डॉक्टर बघू या.