हसुरामला हळदीची हाक

वाईहून निघालो तो लग्नासाठी, पण घरात कोणाचा चेहरा लग्नघाईचा नव्हता. पनवेल-उरण भागाचे नाव वर्षभर वर्तमानपत्रात येत होते ते गोळीबार, धरपकड आणि जमावबंदी यांच्याच संगतीने. आईने दशम्या बांधून देताना दोनदा विचारले, "जायलाच हवे का?" जायला हवे होते. काशिनाथ माझा पुण्याच्या वसतिगृहातला सोबती. चार वर्षे आम्ही एका खोलीत काढली आणि त्याच्या गावचे सुके बोंबील मी वासासकट सोसले. आता तो गावच्या शाळेत मास्तर होता आणि त्याच्या पुतणीचे, मंदाचे, लग्न होते. "नक्की ये, बाहेरचा माणूस असला तर बरे," असा निरोप त्याने पाठवला होता. बाहेरच्या माणसाचे तिथे काय काम, हे मात्र कळवले नव्हते.

पनवेलला उतरलो तेव्हा वैशाखाच्या उन्हाने डोके तापले होते. पाटी न वाचता समोरच्या गाडीत चढलो आणि कामोठ्याच्या फाट्यावर उतरवला गेलो. "उरन इकडं कुठं आला, साहेब?" कंडक्टरने घंटी ओढता ओढता विचारले. त्याला उत्तर नको होते.

परतीच्या गाडीची वाट बघत तासभर त्या फाट्यावर बसलो. समोर भाताची रिकामी खाचरे, पलीकडे खाडीचा चिखल आणि आणखी पलीकडे कुठल्यातरी नव्या वसाहतीचे अर्धवट खांब. म्हैस घेऊन एक म्हातारा सावलीला आला. मी उगीच विचारले, "शेत तुमचे का?"

"व्हता. आता सरकारचा हाय. आमी नुसती राखन करताव."

एवढे बोलून तो बिडी ओढत बसला. दाखवायला माझ्याकडे सहानुभूती नव्हती असे नाही, पण त्याने मागितली नव्हती.

उरणच्या गाडीत मात्र पाटी वाचून चढलो. रस्ता नवा, लाल मुरमाचा भराव घालून उंच केलेला, त्यामुळे गावे खाली पडल्यासारखी दिसत होती. दोन्ही अंगाला मिठागरे, मिठाचे ढीग आणि त्यांवर घातलेले झावळ्यांचे झाप. न्हावा शेव्याला मोठे बंदर होणार म्हणून ट्रकांची रीघ लागली होती. नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून पिशव्या उघडायला लावल्या. एका हवालदाराने माझ्या दशम्या बोटाने दाबून पाहिल्या. त्या खाली ठेवून त्याने गाव विचारले, मी वाई म्हणालो, तेव्हा तो जरा ओशाळला.

"आमी बी तिकडचं, कोरेगावचं. माफ करा, साहेब, पर नोकरी हाय."

काशिनाथ गावच्या फाट्यावर उभा होता. त्याने मला थेट घरी नेऊन पानावर बसवले. तांदळाची भाकरी, चिंबोऱ्यांचे कालवण आणि एक तळलेला प्रकार, जो माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. तो निवट्या (चिखलावर उड्या मारणारा खाडीतला मासा). मी डोळे मिटून खाल्ला आणि मग उघड्या डोळ्यांनी आणखी दोन खाल्ले.

जेवण झाल्यावर अंगणात मांडव घालायचे काम चालू होते. मांडवाच्या मेढीपाशी (मधल्या खांबाशी) एक म्हातारी बसली होती, तोंडाने काहीतरी गात. ही बारकीबाय, गावची धवलारीण. आगरी लोकांच्या लग्नात भटजीआधी मान धवलारणीचा असतो. देवक बसवण्यापासून हळद लावण्यापर्यंतचे सगळे विधी ती धवळे (लग्नाची गाणी) गाऊन पार पाडते, आणि तिचे गाणे पुरे झाल्याशिवाय विधी पुरा होत नाही. मी बाजेवर टेकलो आणि डुलकी लागणार एवढ्यात जाणवले की सगळे शांत झाले आहे. बारकीबाय गायची थांबली होती. डहाळ्या बांधणारे पुरुष थांबले होते, हळद कुटणाऱ्या बायका मुसळ धरून माझ्याकडे बघत होत्या. माझा काय अपराध झाला ते कळेना. मी धोतर तपासले, ते जागच्या जागी होते.

"अरे, ओ दे," काशिनाथ कानाशी पुटपुटला. "तिने गाण्यात तुला हाक मारली."

मी "ओ" म्हणालो. बायका हसल्या, मुसळे हलू लागली आणि गाणे पुढे सरकले.

मग बारकीबायनेच मला रीत समजावली. मांडवात ज्याचा मान आहे त्या प्रत्येकाला ती नावाने बोलावते. "जित्याला हाक मारून थांबाचा. तो ओ देल, मंग फुडं जायाचा. मेल्यालाबी हाक मारायची, पन थांबाचा नाय. त्याला घोर कशाला?"

ती हे अगदी सहज सांगत होती. पण मागे बसलेली मंदा उठून घरात गेली आणि काशिनाथने मला बांधाकडे फिरायला नेले.

बांधावर त्याने सगळे सांगितले. नव्या शहरासाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा आल्या तेव्हा तो शाळकरी होता. मोजणीला येणारे साहेब गावकऱ्यांची बोली ऐकून हसत, त्यांची नक्कल करीत. अडाणी माणसाला भाव कशाला, अशी एकूण समजूत. पुढे आणीबाणी आली आणि चार माणसे एकत्र बोलायचीही चोरी झाली. ती उठल्यावर मोर्चे निघाले, अर्ज झाले, शिष्टमंडळे गेली. शेवटी गेल्या वर्षी लोक रस्त्यावर उतरले, बाया पुढे. गोळीबार झाला. या गावचा एक तरुण त्यात गेला. त्या दिवशी काशिनाथचा थोरला भाऊ हसुराम, म्हणजे मंदाचा बाप, लोकांच्या पुढे उभा होता. त्याच्यावर दंगलीचा गुन्हा लागला आणि तेव्हापासून तो फरार होता.

"कुठे आहे?"

काशिनाथने मिठागरांकडे पाहिले. मग म्हणाला, "आत नेलेल्यांना फार मारलंय, माधव. एकाचा हात अजून वर होत नाही. आता सरकारशी बोलणी चाललीत. महिन्या-दोन महिन्यांत खटले काढून घेतील म्हणतात. तेवढा काळ दादा बाहेर राहिला की सुटला. पण उद्या हळद. जमावबंदीतून सूट मिळालीय ती अटींवर. कर्णा नाही, दिवेलागणीच्या आत आटपायचं आणि मांडवात पोलीस बसणार."

"मग त्याने येऊ नये."

"बारकीबायने हाक मारली तर तो येणार. मुलीची हळद आहे. ऐकू येईल इतक्या जवळ तो असणारच, मी ओळखतो त्याला. म्हणून तुला बोलावलं. बाहेरचा, शिकलेला माणूस समोर असला की पोलिसांचा हात जरा आवरतो."

माझे काम मला तेव्हा कळले. मला ते आवडले असे म्हणवत नाही. मी निवट्या खायला आलो होतो.

परत आलो तर पडवीत मंदा बारकीबायसमोर बसली होती. अठरा-एकोणीस वर्षांची सावळी मुलगी, हातात बांगड्या चढवलेल्या आणि डोळे सुजलेले.

"आजी, बापाचा नाव घेव नको. तू घेतलास त तो येल."

"नाय घेतला त तो या घरचा नाय. घेतला नि थांबली नाय त मेला. तूच सांग, काय करू?"

"घे आनि थांबू नको. मना तो जिता पायजे. तुरुंगान मारतान."

बारकीबायने तिच्या केसांवरून हात फिरवला, पण कबूल काही केले नाही. मला वाटले, एका गाण्यातला एका क्षणाचा विसावा, तो गाळला तर कोणाचे काय बिघडणार आहे. तसे मी काशिनाथला म्हणालोही. तो म्हणाला, "तू इथला असतास तर असं बोलला नसतास," आणि माझ्यासाठी बाज टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताच मांडव भरला. पोलिसांत नाक्यावरचा कोरेगावकर हवालदार होता आणि त्याच्यासोबत दोन शिपाई. मला पाहून त्याला बरे वाटले. त्याला खुर्ची दिली, चहा दिला. चहा स्वतः बारकीबायने नेला आणि सहज विचारल्यासारखे नाव विचारले. त्याने रघुनाथ असे सांगितले.

मंदा पाटावर बसली. बारकीबायने गावदेवीला बोलावले, मग घरातल्या गेलेल्यांना. सासू-सासरे, आजे-पणजे एकामागून एक येत गेले आणि ती कुठेही थांबली नाही. त्यांच्यामागोमाग तिने गेल्या वर्षी गेलेल्या तरुणाचे नाव घेतले. बायकांत बसलेली त्याची आई पदराचे टोक दातात धरून जमिनीकडे बघत होती. गाणे पुढे गेले. नंतर जित्यांची पाळी आली. काशिनाथने ओ दिली. माझे नाव आले तेव्हा मी इतक्या घाईने ओ दिली की मांडवभर हसू पसरले. आणि मग सूर जराही न बदलता म्हातारी गायली,

"मांडवी या गो, मांडवी या,
रघुनाथदादा, हलदीला या."

आणि ती थांबली. हवालदाराने कप खाली ठेवला. सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. कालच्या माझ्यासारखीच त्याची स्थिती झाली होती, फक्त त्याला धोतर तपासायची सोय नव्हती. "ओ," तो हळूच म्हणाला. एका म्हातारीने जाऊन त्याच्या हाताला हळद लावली आणि तो आता या मांडवाचा पाहुणा झाला. बारकीबायने चहा स्वतः का नेला, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

मंदाने पाटाची कड घट्ट धरली.

"हसुराम बापूस, हलदीला या."

मला शेवटपर्यंत वाटत होते की ती पुढे जाईल. ती थांबली. हाक एकदाच मारायची असते, तिने दुसऱ्यांदा मारली नाही. हळदीची वाटी मांडीवर घेऊन डोळे मिटून ती बसून राहिली. मंदा मान हलवत होती, नको नको म्हणत होती. हवालदार आपल्या पिवळ्या हाताकडे बघत होता. कुठेतरी कोंबडी ओरडली, आणि मला मनापासून वाटले की तो दूर असावा, झोपलेला असावा, बहिरा झालेला असावा.

घरामागच्या बांधाकडून आवाज आला, "ओ."

हसुराम चालत आला. किडकिडीत माणूस, वाढलेली दाढी आणि गुडघ्यापर्यंत मीठ वाळून पांढरे झालेले पाय. शिपाई उठले. हवालदाराने हाताने त्यांना खाली बसवले. हसुराम मुलीसमोर बसला आणि त्याने तिला हळद लावली, कपाळाला, गालांना, हातांना. तिने आधी त्याच्याकडे पाहिलेच नाही. मग त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडले नाहीत. बारकीबायचे गाणे लांब होते, आणि त्या दिवशी तिने ते आणखी लांबवले. इतकी नावे त्या गावात असतील असे मला वाटले नव्हते.

"जेवण करून निघू," हवालदार म्हणाला. तोही पंगतीला बसला. हसुरामला घेऊन निघताना एका शिपायाने दोरी काढली, ती हवालदाराने परत ठेवायला लावली. दिवेलागणीच्या आत सगळे आटपले, अटीप्रमाणे.

मला बारकीबायचा राग आला होता आणि तो मी लपवला नाही. "तुम्ही थांबला नसतात तर वाचला असता तो," मी म्हणालो.

"वाचला असता," ती वाट्या घासता घासता म्हणाली. "पन दादा, वरीस झाला, पोलिसांच्या भ्यान गावान त्याचा नाव कोन मोठ्यान घेत नाय. बायको घेत नाय, पोर घेत नाय. असा नाव घेयाचा सोरला ना, मंग मानूस कवा मेला ता कलत नाय. मी घेतला. तो आयला. आता पोलिसांना पन ठावा हाय, त्याच्या मागं गाव हाय."

मला ते पटले नाही. अजूनही पूर्ण पटलेले नाही. मंदाला पटले का, तेही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या तेव्हा ती रडली नाही, पण सासरी निघताना सगळ्यांच्या पाया पडून शेवटी ती बारकीबायजवळ गेली आणि बराच वेळ तिच्या खांद्यावर डोके ठेवून उभी राहिली.

परतताना पनवेलच्या स्टँडवर पाटी दोनदा वाचून साताऱ्याच्या गाडीत बसलो. खिडकीतून पाहिले तर समोरच्या रस्त्याने दोन पोलीस हसुरामला कोर्टाकडे चालवत नेत होते. हे दोघे वेगळे होते, हवालदार रघुनाथ त्यांत नव्हता. हातांना दोरी होती आणि तळवे अजून पिवळे होते. स्टँडवरची गर्दी बाजूला होत होती, बघत होती आणि आपापल्या गाड्यांकडे वळत होती. चोर असेल, माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले.

मी जात्याच पुढे पुढे करणारा माणूस नाही. पण खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो आणि भर स्टँडवर होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली, "हसुरामदादा."

आणि थांबलो. पोलीस वळले, शेजारचे गृहस्थ सरकून बसले. हसुरामने गर्दीत मला शोधले, ओळखले आणि दोरीसकट हात वर केला.

"ओ," तो म्हणाला.

पोलिसांनी एकदा माझ्याकडे नीट बघून घेतले आणि ते त्याला पुढे घेऊन गेले. त्यांना कळले असावे की याला ओळखणारा माणूस बाहेर आहे. तेवढ्याने त्याचा मार किती चुकला, मला सांगता येणार नाही.

रात्री घरी पोचलो. आईने शर्टाच्या बाहीवरची हळद पाहिली आणि लग्न नीट झाले का, विचारले. झाले, म्हणालो.

"मुलीचे वडील होते ना मांडवात?"

"होते," मी म्हणालो. "हाक मारल्यावर आले."